बटण दाबून गाणं होत नाही

"एक पोरगं, एक लॅपटॉप, कानाला हेडफोन. तबलजी नाही, पेटीवाला नाही, समोर गुरू नाही. एक बटण दाबलं की ताल सुरू, दुसरं दाबलं की सूर सुरू. याला तुम्ही संगीत म्हणता?"

हे मी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपाबाहेर चहाच्या रांगेत ऐकलंय, दिवाळी अंकांत वाचलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकून घेतलंय. बोलणारी माणसं अडाणी नसतात. मारवा कुठे संपतो आणि पूरिया कुठे सुरू होतो हे ती डोळे मिटून सांगतात. राग येतो तो त्यामुळेच. ज्यांचा कान वर्षानुवर्षं तयार झालाय, त्यांनीच न ऐकता निकाल द्यायचा?

त्यांचं म्हणणं सोयीपुरतं छाटून खोडण्यात अर्थ नाही, म्हणून पूर्ण मांडतो. घरात एकट्याने बसून संगणकावर गाणी करणारी ही नवी पिढी, जिला सगळे 'इंडी' आणि 'इलेक्ट्रॉनिक' म्हणतात, ती मुळात वाजवतच नाही, यंत्र वाजवतं. तिच्यामागे साधना नाही. सोबत माणसं नाहीत, म्हणून त्यात जीव नाही. सगळ्यांचं सगळं एकसारखं वाजतं. मंचावर येऊन ती फक्त तयार ध्वनिफीत सुरू करते. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटभरात गाणं करून देते, तेव्हा यांची गरजही संपली. थोडक्यात, हे संगीत नाही, संगीताची सोय आहे.

आता यंत्राचं बघू. यंत्र संगीतात शिरलं की संगीत बाटतं, हा आरोप आपण आधीही केला आहे, आणि त्याचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. हार्मोनियम युरोपातून आली. तिचे स्वर पट्ट्यांत बांधलेले, त्यामुळे मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. आक्षेप खरा होता. त्याच्या जोरावर १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. इंग्रज गेले, बंदी राहिली. ती उठायला १९७१ उजाडलं. त्याच काळात या महाराष्ट्रात गोविंदराव पटवर्धन आणि अप्पा जळगावकर पेटी वाजवत होते, गोव्याचे तुळशीदास बोरकर वाजवत होते. पेटीत मींड नव्हती, पण त्यांच्या बोटांनी ती ऐकणाऱ्याला भासवली. बंदी घालणाऱ्यांनी वाद्याचा दोष अचूक हेरला होता, वाजवणारा मात्र त्यांना दिसलाच नाही. आज पेटीवाचून ख्यालाची मैफल क्वचितच होते, आणि आक्षेप घेणारे श्रोते त्याच पेटीला 'आपली' म्हणतात.

तानपुऱ्याचंही तेच. बेंगळुरूच्या राडेलने इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला तेव्हा नाकं मुरडली गेली. आता घराघरात रियाझ त्याच्याच, किंवा मोबाईलमधल्या तानपुऱ्याच्या साथीने होतो. मग यंत्र नेमकं कुठे आल्यावर बाटतं? आपल्या पिढीने स्वीकारलेलं यंत्र ते वाद्य आणि पुढच्या पिढीने उचललेलं यंत्र ते खेळणं, ही विभागणी कुठल्या शास्त्रात बसते?

'बटण दाबतात' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते काम होताना पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय. कोथरूडच्या एका जुन्या इमारतीतली मागची खोली. भर एप्रिल, तरी पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये उतरते. कपाटाची दारं सताड उघडी, कारण आतले कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. शेजारी कुकरची शिट्टी झाली की गायलेलं वाया, पुन्हा पहिल्यापासून. गाणारी, वाजवणारी, ध्वनिमुद्रण करणारी, सगळी एकच मुलगी.

गाणं १२० च्या लयीत होतं, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. संगणकाच्या पडद्यावर आखलेल्या चौकटींत ठोका चिकटवला तर तो बिनचूक पडतो आणि मेलेला वाटतो. तिने टाळीचा ठोका पंधरा मिलिसेकंद मागे ओढला, ऐकला, आणखी थोडा पुढेमागे केला, पुन्हा ऐकला. तबलजी ज्याला ठेका जरा धरून वाजवणं म्हणतो, तेच ती शोधत होती. मग गंधार. चालीत दरबारीची सावली होती, आणि संगणकातला कोमल गंधार असतो समान अंतरांच्या सप्तकातला. दरबारीसाठी तो चढा पडतो. तिने तो स्वर उतरवला, मग त्याचं आंदोलन पडद्यावर रेघ ओढून आखलं. रेघेचा बाक थोडा जास्त झाला की गंधार रडका वाटे, कमी झाला की कोरडा. तो बाक सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. त्यानंतर ड्रमचा खालचा ठोका आणि बासचा स्वर एकाच पट्टीत येऊन एकमेकांना गिळत होते, त्यांना जागा करून देणं आलं. शेवटी तेच गाणं हेडफोनवर, मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर आणि मित्राच्या गाडीत ऐकून बघणं, कारण लोक ते तिथेच ऐकणार.

यात ते बटण कुठे आहे? मला दाखवा.

लंडनच्या बरिअल या कलाकाराने 'अनट्रू' (२००७) हा अल्बम चौकटींचा आधार न घेता केला. ध्वनीची लहर डोळ्यांनी पाहत त्याने ठोके बसवले, दुसऱ्यांच्या गाण्यांतले आवाज कापून, त्यांची पट्टी बदलून नवं गाणं विणलं. त्याच्या आधी जवळपास चाळीस वर्षं, १९६८ मध्ये, वेंडी कार्लोस हिने मूग सिंथेसायझरवर बाख वाजवला. त्या यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघे. म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी वाजवायची, वेगळी मुद्रित करायची, मग एकावर एक रचायची. पुढे त्या रेकॉर्डला तीन ग्रॅमी मिळाले. यंत्राने श्रम वाचवले म्हणणाऱ्यांनी हे दोन अल्बम ऐकावेत आणि श्रम कुठे वाचले ते सांगावं.

पण परदेशात जायची गरजच काय? मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि इतर वाद्यं वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सिंगापूरहून त्यांनी सिंथेसायझर आणला, रोलँड कंपनीची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही दोन यंत्रं जमवली, ती एकमेकांना जोडली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एकट्याने एक रेकॉर्ड केली: 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस. दहा राग, खाली अखंड चालणारा इलेक्ट्रॉनिक ठेका. टीबी-३०३ हे मुळात गिटारवाल्यांना घरी साथ करायला बासचं यंत्र म्हणून बनवलं होतं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. पाश्चात्त्य गिटारवाल्यांना ते यंत्र आवडलं नाही आणि कंपनीने काही वर्षांत त्याचं उत्पादन थांबवलं. पण घसरत जाणारा स्वर हा रागसंगीतात वाढलेल्या माणसाला परका असेल का? ते यंत्र ज्यासाठी बनलं नव्हतं, ते त्यातून काढून घेणारा माणूस मुंबईत बसला होता.

रेकॉर्ड खपली नाही, विसरली गेली. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतल्या फ्यूचर या गटाने तेच टीबी-३०३ वापरून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं. तिथून ॲसिड हाउस नावाचा प्रकार सुरू झाला आणि जगभर नाचला गेला. शिकागोच्या मुलांनी चरणजित सिंगांचं काही ऐकलं होतं असं कुणी म्हणत नाही. पण त्यांच्याआधी पाच वर्षं त्याच यंत्रातून तसाच ध्वनी मुंबईत निघाला होता, हे आज जग मान्य करतं. कधी? २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती रेकॉर्ड पुन्हा काढल्यावर. त्यानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

ज्या शहरात ते राहिले, वाजवत राहिले, त्या शहराने त्यांना एकल कलाकार म्हणून ओळखलं ते परदेशातून बातम्या आल्यावर. ही शरम कुणाची? आणि हे एकच उदाहरण नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आणि इतर काही जणांनी तिथे पुढची काही वर्षं इलेक्ट्रॉनिक संगीत रचलं. त्या फिती संग्रहात पडून राहिल्या आणि पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने शोधून काढल्यावर २०२३ मध्ये अल्बमरूपाने लोकांपुढे आल्या. मधली पन्नास वर्षं आपण हेच म्हणत होतो की इलेक्ट्रॉनिक संगीत ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे, आपल्या मातीतलं नाही. आपल्याच कपाटात काय आहे ते न बघता!

साधनेबद्दल मी थोडक्यातच बोलणार आहे, कारण हा आरोप केवळ माहिती नसल्यामुळे होतो. २०१७ च्या 'उड गए'मुळे देशभर पोचलेला रित्विझ पुण्यात वाढला आणि लहानपणापासून शास्त्रीय संगीत शिकला. त्याच्या गाण्यांतली सरगम आणि आलापीची वळणं आकाशातून पडलेली नाहीत. असे कितीतरी जण आहेत. आणि ज्यांना गुरू लाभला नाही त्यांचं काय? ध्वनी ऐकून तो तोडायचा, त्याचे थर ओळखायचे, पुन्हा बांधायचे, वर्षानुवर्षं हेच करायचं, याला साधना म्हणायला आपली जीभ का अडखळते? एकलव्याच्या गोष्टीला मान डोलावणाऱ्या समाजाने हा प्रश्न टाळू नये.

आता 'एकट्याने केलेलं, म्हणून निर्जीव' या आरोपाकडे येतो. तो मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण त्याला जुन्या वाद्यवृंदाच्या आठवणींचं गोड कोंदण असतं. शंभर वादक, एकत्र श्वास घेणारी व्हायोलिन्स, काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक. ते संगीत मलाही प्रिय आहे. पण त्या शंभरांची नावं कुणाला माहीत होती? त्या गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन ज्यांनी केलं ते अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड हे गोव्याहून आलेले संगीतकार. स्वरलेखन त्यांचं, प्रतिस्वर त्यांचे, कोणतं व्हायोलिन कुठे उठेल आणि बासरी कुठे शिरेल हा निर्णय त्यांचा. रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र त्यांचं नाव बहुधा नसेच. चरणजित सिंगही त्याच वाद्यवृंदातले. त्या व्यवस्थेत संगीत एकत्र होत होतं, श्रेय एकत्र वाटलं जात नव्हतं. शिवाय ते वाद्यवृंद बंद पडले ते घरात बसलेल्या पोरांमुळे नव्हे. सिनेमाच्या धंद्यानेच खर्च वाचवायला कीबोर्ड आणले, वादक घरी बसवले. त्या निर्णयाचं पाप आज स्वतःच्या पैशाने माइक विकत घेणाऱ्या मुलीच्या माथी मारणं हा सरळसरळ अन्याय आहे.

मुलीच्या, असं मी मुद्दाम म्हणतोय. आपल्या सुगम आणि चित्रपटसंगीतात बाईने गायचं आणि पुरुषाने रचायचं, ही वाटणी इतकी पक्की होती की तिच्याबाहेरच्या बायका बोटांवर मोजता येतात. लता मंगेशकरांनी मराठी चित्रपटांना संगीत दिलं, उत्तम दिलं, आणि साठच्या दशकातलं ते काम 'आनंदघन' या टोपणनावाने पडद्यावर आलं. त्यांच्या गळ्याचं नाव जगभर होतं, त्यांच्या रचनेचं नाव वेगळंच राहिलं. बीबीसीच्या ध्वनिशाळेत डेलिया डर्बिशायरने १९६३ मध्ये ध्वनिफितींचे तुकडे कापून, जोडून 'डॉक्टर हू' या मालिकेची धून प्रत्यक्षात आणली, पण संगीतकार म्हणून नाव रॉन ग्रेनरचं लागलं, तिचं लागलं नाही. स्टुडिओची किल्ली, वादकांना बोलवायचा अधिकार, मिक्सिंगच्या टेबलासमोरची खुर्ची, हे सगळं दुसऱ्याच्या हातात असलं की बाईच्या वाट्याला माइकसमोरची जागा तेवढी उरते.

एकटीने काम करता येणं म्हणजे काय, ते इथे कळतं. मुंबईची सनाया अर्देशीर 'सँड्यून्स' या नावाने काम करते, दिल्लीची तराना मारवाह 'कोमोरेबी' या नावाने. रचना, वाद्ययोजना, ध्वनी, सगळ्याचा निर्णय त्यांचा. कुणाच्या खुर्चीमागे उभं राहून "जरा असं करून बघता का?" विचारावं लागत नाही. हे एकटेपण त्यांच्यावर लादलेलं नाही, ते त्यांनी कमावलं आहे. आणि त्यांना जेव्हा माणसं हवी असतात तेव्हा त्या ढोलकवाला, व्हायोलिनवाली, गायक बोलावू शकतात. फरक इतकाच की बोलावणाऱ्या त्या असतात.

'सगळं एकसारखंच' म्हणणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. लिफाफा या नावाने सूर्यकांत साहनीने केलेला 'जागो' (२०१९) लावा आणि त्यापाठोपाठ कोमोरेबीचा 'द फॉल' (२०२३). एकात जुन्या सिनेसंगीताचे तुकडे आणि रेंगाळणारी हिंदी, दुसऱ्यात थरांवर थर चढत जाणारं इंग्रजी गाणं. दोन्ही दिल्लीतली, दोन्ही संगणकावर घडलेली. ही दोन एकसारखी वाटत असतील तर दोष गाण्याचा नाही. बाजारात टाकाऊ गाणी येतात का? ढिगाने येतात. साठच्या दशकातली भावगीतंही ढिगाने आली होती. आपल्याला त्यातली मोजकी आठवतात, कारण काळाने चाळण लावली. नव्या गाण्यांची चाळण आज आपल्या हातात आहे, आणि आपण ती हातात धरायलाच नकार देतोय.

हा नकार सत्तेत बसला की काय होतं तेही आपण पाहिलंय. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी अभिजात संगीताच्या प्रेमापोटी सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. प्रेम खरं होतं. लोक मात्र काटा फिरवून रेडिओ सिलोन ऐकायला लागले, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आज तर काटा फिरवायचीही गरज नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं हाउस संगीताच्या ठेक्यावर गाजलं. मागे चित्रपट नाही, मालिका नाही. ते गाणं तुम्हाला आवडो न आवडो. पण मराठी शब्द नाचायच्या मैदानावर कसे बसतात, कुठला 'च' ठोक्यावर आपटतो, हे त्या मुलांनी शोधलं. मराठीच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या एका तरी व्यासपीठाने त्यावर गांभीर्याने चर्चा केली का?

मंचावर लॅपटॉप असतो, म्हणून ते 'लाइव्ह' नाही, असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावातल्या गणेशोत्सवात बघावं. तयार ट्रॅकवर गाणाऱ्याला आपण हार घालतो, टाळ्या वाजवतो. मंचावर लूप रचत, ध्वनीचे थर त्या क्षणी उतरवत-चढवत जाणारा कलाकार मात्र आपल्याला फसवा वाटतो. वाईट सादरीकरण करणारे आहेत, त्यांना वाईट म्हणा. नुसतं यंत्र बघून निकाल देऊ नका.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. इथे गफलत सर्वांत घातक आहे. दोन ओळी लिहून यंत्राकडून अख्खं गाणं मागून घेणं आणि एका गंधाराच्या बाकासाठी संध्याकाळ घालवणं, या दोन गोष्टी 'दोन्हीकडे संगणकच ना' म्हणून एका पारड्यात टाकणाऱ्याला संगीत कशात असतं हेच कळलेलं नाही. संगीत निवडीत असतं. हा स्वर, तो नाही; इथे थांब, तिथे नको. एका गाण्यात असे शेकडो निर्णय असतात, आणि एकल कलाकार त्यातला प्रत्येक स्वतः घेतो, चुकतो, पुसतो, पुन्हा घेतो. तयार मालाच्या लोंढ्यात सगळ्यात आधी बुडणार आहे ती हीच माणसं. २०२४ पासून स्पॉटिफायवर जे गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही त्याला मोबदला मिळत नाही. म्हणजे नव्या, अनोळखी, स्वतःचं काही शोधणाऱ्या माणसाला पहिल्या पायरीवर शून्य. अशा वेळी ज्यांचा कान तयार आहे त्यांनी त्याच्या बाजूने उभं राहायचं, की 'यंत्राने केलंय' म्हणून त्याला त्याच लोंढ्यात ढकलून द्यायचं?

म्हणून माझं म्हणणं पुन्हा, आणि मऊ न करता. एकट्याने, संगणकावर, घरच्या खोलीत केलेलं संगीत हे पूर्ण संगीत आहे. त्याला सवलतीची, कौतुकाच्या थापेची किंवा 'तरुणांसाठी' अशा वेगळ्या रकान्याची गरज नाही. त्याला तुमचा तोच कठोर कान हवाय जो तुम्ही ख्यालाला देता. राज्याचे पुरस्कार देणाऱ्यांनी गायक आणि संगीतकार यांच्यापलीकडे ध्वनी रचणाऱ्याचं नाव घ्यावं. संगीत विद्यालयांनी तानपुरा लावायला शिकवताना संगणकातलं सप्तक कसं लावायचं हेही शिकवावं. २०२४ मध्ये आलेल्या एबलटन लाइव्ह १२ या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, ती दरबारीच्या गंधारासाठी वापरायला शिकवणारी माणसं आपल्याकडेच आहेत. समीक्षकांनी अल्बम ऐकून, स्वर आणि ठेक्याची नावं घेऊन लिहावं, कलाकारांच्या केशभूषेवर नव्हे. आणि पुण्यात, जिथे १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो आणि जिथे २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा इंडी संगीताचा महोत्सव सुरू झाला, तिथल्या रसिकांनी एका मंडपातून दुसऱ्या मंडपात जावं. तिकडे जाऊन गाणं वाईट वाटलं तर तसं ठणकावून सांगा, कुठे बेसूर झालं, कुठे ठेका ढासळला ते सांगा. ऐकून केलेली टीका ही मुलं अंगावर घेतील. न ऐकता दिलेला निकाल यापुढे आम्ही कुणी मानणार नाही.